आज चालणं बंद!

जर्मनीत शनिवारी संध्याकाळी दूध आणायचं राहिलं, तर रविवारी काय करायचं? काही नाही. काळा चहा प्यायचा. सुपरमार्केट बंद, कपड्यांची दुकानं बंद, मॉलसुद्धा बंद. बेकरी सकाळचे काही तास उघडते, पेट्रोल पंप आणि मोठ्या स्टेशनांवरची दुकानं चालू असतात. बाकी सगळं डायरेक्ट सोमवारी! रविवारी लॉन कापायचं मशीन चालवायचं नाही, भिंतीला ड्रिल मारायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या डब्यात खळ्ळकन टाकायच्या नाहीत. आपल्याकडे रविवार म्हणजे वरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडायचा वार. त्यामुळे ही शांतता सुरुवातीला चक्क कानाला टोचते.

मी आणि माझी मैत्रीण अशा एका रविवारी थांबलो होतो ब्लॅक फॉरेस्टमधल्या हाउसाख नावाच्या गावात. आम्ही 'वेस्टवेग' चालत होतो. फोर्ट्सहाइम ते बाझल, साधारण २८५ किलोमीटर. ही वाट १९०० साली आखली गेली आणि आजही झाडाझाडावर तिची खूण सापडते : पांढऱ्यावर लाल शंकरपाळं. शंकरपाळं दिसलं की बरोबर चाललोय, नाही दिसलं की मागे फिरायचं. इतकं सोपं आयुष्य ऑफिसात कुठे मिळतं?

सहा दिवस चालून झाले होते. सहाव्या दिवशी ९४५ मीटर उंचीच्या ब्रांडेनकोप्फवरून थेट २४० मीटरवरच्या हाउसाखला उतरलो. सिंहगड उतरताना गुडघे कसे बोलायला लागतात, ठाऊक आहे ना? तसंच, फक्त पाठीवर नऊ किलोची सॅक घेऊन. उतरणीवर मांडीचे स्नायू ताणलेले असतानाच भार पेलतात, म्हणून चढापेक्षा उतारानंतर अंग जास्त ठणकतं. तेही लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. स्नायू तरी लवकर सावरतात. स्नायूबंधांना चालायची सवय व्हायला आणखी वेळ लागतो. म्हणूनच लांब चालणारी माणसं वेळापत्रकात एक रिकामा दिवस ठेवतात. यात नवीन काही नाही म्हणा. ज्ञानोबांची पालखीसुद्धा पुण्यात दोन रात्री मुक्काम करते!

पण माझी मैत्रीण पडली पुण्यातली प्रोजेक्ट मॅनेजर. तिने विश्रांतीचाही प्लॅन केला होता. किल्ल्याचे अवशेष, चर्च, नदीकाठची चक्कर, गुटाखचं म्युझियम... बेरीज केली तर अकरा किलोमीटर! मी म्हटलं, "बाई गं, याला विश्रांती नाही, सातवा टप्पा म्हणतात." शेवटी म्युझियमवर तह झाला, तोही ट्रेनने जाण्याच्या अटीवर.

म्युझियम मात्र सॉलिड होतं. १६१२ साली बांधलेलं शेतकऱ्याचं घर, छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेलं. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली, वर गवताची गंज. गुरांची ऊब माणसांना आणि गवताची ऊब सगळ्यांना. इथल्याच आसपासच्या तीन गावांतल्या बायकांची ती प्रसिद्ध गोंड्यांची टोपी : लग्न न झालेलीचे गोंडे लाल, झालेलीचे काळे. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे स्टेटस अपडेट डोक्यावर घेऊनच फिरायचं!"

दुपारी खरी सुट्टी सुरू झाली. बुटांची इनसोल्स काढून उन्हात ठेवली, नखं कापली, मोजे धुतले. वाळत घालायला गेले तर घरमालकीणबाईंनी हसत मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. रविवारी रस्त्याच्या बाजूला मोजे? छे छे! मग किन्झिग नदीत पाय सोडून बसलो. पाणी इतकं गार की पावलं आपली आहेत की नाहीत ते कळेना.

आणि तेवढ्यात मैत्रिणीच्या फोनवर मेल आला. 'सुट्टीवर आहेस, माहितीय. पण एक छोटासा चेंज...'

हा छोटासा चेंज तुम्हालाही ओळखीचा असेल. मलाही आहे. फ्रीलान्सरला तर सुट्टी म्हणजे सरळ बुडालेलं बिल. नाही म्हटलं तर पुढचं काम दुसऱ्याला जाईल, ही भीती खोटी नसते. तिची भीती वेगळी होती : महिनाभरावर अप्रेझल. पाय नदीत, बोटं कीपॅडवर. दहा मिनिटं ती नुसती स्क्रीनकडे बघत बसली.

जर्मनांनी हा प्रश्न माणसाच्या हिमतीवर सोडलेला नाही. रविवार हा कामापासून विश्रांतीचा दिवस म्हणून त्यांच्या राज्यघटनेतच सुरक्षित आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम १९४९ च्या घटनेने जसंच्या तसं उचललं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडायची मुभा दिली होती, ती २००९ मध्ये घटनापीठाने घटनाबाह्य ठरवली. आणि १९६३ चा रजेचा कायदा तर सांगतो, की रजेच्या हेतूला बाधेल असं कमाईचं काम रजेत करायचंच नाही. रजा ही विश्रांतीसाठी, विषय संपला.

'त्यांचं ठीक आहे हो, आपल्याकडे कुठे?' असं म्हणण्याआधी एक आठवा. आपला रविवारही कुणी फुकट दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून झगडले, रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही त्यांनी मालकांना ठासून सांगितलं, आणि १० जून १८९० पासून ती सुट्टी मिळाली. सहा वर्षं लागली एका वाराला. आपण तो एका मेलमध्ये परत करतो.

मैत्रिणीने शेवटी एकच ओळ लिहिली : 'सुट्टीवर आहे. सोमवारपासून जंगलात, रेंज नाही. फाइल टीमकडे आहे.' फोन बंद केला आणि म्हणाली, "अप्रेझल गेलं बहुतेक." मग पाच मिनिटांत काठावरच्या गवतात गाढ झोपली.

अप्रेझलचं काय झालं? इन्क्रिमेंट दरवर्षीइतकंच मिळालं. फाइल शेजारच्या टेबलवरच्या मुलाने वीस मिनिटांत बदलून पाठवली होती.

आणि सोमवारी फारेनकोप्फचा पाचशे-साडेपाचशे मीटरचा चढ आम्ही न थांबता चढलो. गुडघे एक शब्द बोलले नाहीत.