बूम ते बॅनर

नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली साडेपाच वर्षे १११ नगरसेवकांचे हे शहर एकाही नगरसेवकाविना चालले. नळाला पाणी आले नाही, गटारावरचे झाकण चोरीला गेले, तर जायचे कुणाकडे? माजी नगरसेवकाकडे गेले तर तो म्हणणार, आता आमच्या शब्दाला कोण विचारतो. विभाग कार्यालयात गेले तर ऑनलाइन तक्रार करा, असे उत्तर तयार. ही पोकळी ज्यांनी भरली त्यांत स्थानिक वाहिन्यांचे आणि यूट्यूबवर बातम्या देणारे प्रतिनिधी आघाडीवर होते. दिघ्यात, तुर्भे स्टोअरला किंवा घणसोलीच्या एखाद्या गल्लीत हे दृश्य बऱ्याच जणांनी पाहिले असेल. रिकामे हंडे एका रांगेत मांडायला लावलेले, एका हातात चौकोनी ठोकळा लावलेला बूम, दुसऱ्या हातात स्पीकरवर टाकलेला अधिकाऱ्याचा फोन. ‘साहेब, तुम्ही लाइव्ह आहात.’ दुसऱ्या दिवशी टँकर येतो. तिसऱ्या दिवशी वस्तीतली एखादी मावशी म्हणते, ‘दादा, आता तुम्हीच उभे राहा.’

त्या पठ्ठ्याने उभे राहावे की नाही, हा त्याचा प्रश्न. राज्यघटना पत्रकाराला निवडणूक लढवायला मनाई करत नाही आणि करूही नये. शिवाय महाराष्ट्राला त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. लोकमान्यांचा ‘केसरी’ १८८१चा, बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ १९२०चा. आचार्य अत्र्यांनी १९५६ साली ‘मराठा’ काढला तो संयुक्त महाराष्ट्रासाठी, आणि पुढच्याच वर्षी ते विधानसभेत जाऊन बसले. मात्र या मंडळींच्या बाबतीत वाचकाला अंधारात ठेवलेले नव्हते. अंक विकत घेणाऱ्याला संपादक कुणाच्या बाजूचा आहे हे पहिल्या ओळीपासून ठाऊक असे. पत्र हे चळवळीचे हत्यार होते आणि तसे ते उघड मिरवत होते. पुढे पक्षांनी संपादकांना राज्यसभेत पाठवण्याची रीत पडली. प्रीतीश नंदी, भारतकुमार राऊत, कुमार केतकर ही त्यातली नावे. त्यांना मतदाराच्या दारात जावे लागले नाही, म्हणून त्यांचा प्रश्न जरा वेगळा.

छोट्या पडद्यावरून येणाऱ्याचे भांडवल मात्र निराळे असते. तो रोज आपल्या घरात येतो आणि ‘मी कुणाचाच नाही’ या एका गृहीतावर आपण त्याला घरात घेतो. ही तटस्थतेची पुंजी वाहिनीच्या कॅमेऱ्यावर, वाहिनीच्या खर्चाने जमलेली असते. निवडणुकीच्या दिवशी ती एका पक्षाच्या खात्यात जमा होते.

या वाटेने एखादा देश किती लांब जाऊ शकतो हे बघायचे तर फिलिपिन्सकडे पाहावे. तिथे लोरेन लेगार्डा ही वृत्तनिवेदिका १९९८च्या सिनेट निवडणुकीत देशात पहिली आली. तीन वर्षांनी तोच मान नोली दे कास्त्रो या दुसऱ्या लोकप्रिय निवेदकाने मिळवला. २००४मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी मुख्य लढत झाली ती याच दोघांत, आणि दे कास्त्रो जिंकले. २०२२मध्ये सिनेटवर निवडून आलेले राफी तुल्फो तर रेडिओवरून नि यूट्यूबवरून लोकांच्या तक्रारी सोडवण्यासाठीच प्रसिद्ध. बुडवलेला पगार, फसवणूक, घरगुती भांडण, काहीही घेऊन या. समोरच्याला फोन लावून तिथल्या तिथे जाब. हंडे आणि टँकरची आपली गोष्ट तिकडे राष्ट्रीय पातळीवर चालते.

गंमत अशी की, त्या देशात यासाठी कायदाही आहे. २००१च्या निष्पक्ष निवडणूक कायद्यानुसार उमेदवारी करणाऱ्या स्तंभलेखकाने, निवेदकाने किंवा वार्ताहराने प्रचाराच्या काळात रजेवर जायचे. मालकाने तशी अट घातली असेल तर त्याचा राजीनामा झाला असे धरायचे. कागदावर चोख. पण राष्ट्रीय पदांसाठी अधिकृत प्रचाराचा काळ ९० दिवसांचा. त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत माइक हातात ठेवायला आडकाठी नाही. आणि परतीचे काय? दे कास्त्रो २०१०मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदावरून उतरले आणि त्याच वर्षी आपल्या जुन्या बातमीपत्रात परतले. काल ज्या सरकारात होते, त्याचाच हिशेब आज विचारायला! एवढ्या वर्षांत त्या प्रेक्षकांना याचे काही वाटेनासे झाले असावे.

आपल्याकडे खरोखरीच्या निवडणुकीत उतरलेला सर्वांत ठळक वृत्तवाहिनीवाला म्हणजे इम्तियाज जलील. छत्रपती संभाजीनगरच्या पत्रकारितेत मुरलेले, एनडीटीव्हीचे वार्ताहर. २०१४मध्ये एमआयएमकडून औरंगाबाद मध्यमधून ते आमदार झाले. २०१९मध्ये त्यांनी चार वेळचे खासदार चंद्रकांत खैरे यांना ४,४९२ मतांनी हरवले. त्यांचे राजकारण कुणाला पटो न पटो, ही चाल मात्र उघड होती. नोकरी सोडली, झेंडा खांद्यावर घेतला, गल्लोगल्ली हिंडले. आणि त्यांच्याच कारकिर्दीने हेही दाखवले की ओळखीचा चेहरा उंबरठ्यापर्यंतच नेतो. पहिल्या विजयावेळी शिवसेना-भाजप वेगळे लढत होते. दुसऱ्या वेळी वंचितची साथ होती आणि हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांवर मते घेतली होती. २०२४मध्ये हे गणित विस्कटले. लोकसभेला संदिपान भुमरे यांच्याकडून, आणि काही महिन्यांनी विधानसभेला औरंगाबाद पूर्वमध्ये अतुल सावे यांच्याकडून त्यांना हार पत्करावी लागली. बाइट घेण्याची सवय असलेल्याला बूथ बांधणे वेगळे शिकावे लागते.

त्यामुळे पक्षप्रवेशाचा मंच, गळ्यातला पंचा आणि चौकातला बॅनर यांवर आमचा आक्षेप नाही. आम्हाला घोर आहे तो त्याआधीच्या सहा महिन्यांचा. उभे राहायचे मनात ठरले, वरिष्ठ नेत्याशी दोन बैठका झाल्या, प्रभागाचा नकाशा घरी येऊन पडला, आणि तरीही हा गृहस्थ रोज बूम घेऊन त्याच प्रभागात फिरतो आहे. कुठल्या गटाराची बातमी होईल आणि कुठल्या गटाराची होणार नाही, हे तेव्हा कोण ठरवत असतो? पत्रकार की उमेदवार? प्रतिस्पर्ध्याच्या प्रभागातला खड्डा अचानक महत्त्वाचा होतो, आपल्या भावी नेत्याच्या बंगल्यापुढचे अतिक्रमण दिसेनासे होते. प्रेक्षकाला यातले काहीच कळत नाही. रुपये मोजून छापलेल्या बातमीविरुद्ध २००९च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला. इथे रुपयाही हलत नाही, म्हणून कोणत्याच समितीसमोर हे प्रकरण जात नाही.

याचा सगळा दोष त्या पोरांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. जिल्ह्यातला आणि उपनगरातला वाहिनीचा प्रतिनिधी बहुतेकदा स्ट्रिंगर असतो. बातमी लागली तर मानधन, नाही लागली तर पेट्रोल खिशातून. स्वतःची वाहिनी किंवा साप्ताहिक काढले तर ते चालते कशावर? नेत्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर, दिवाळी अंकातल्या ‘हार्दिक शुभेच्छां’वर आणि सरकारी नोटिशींवर. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच शुभेच्छांवर घर चालत असेल, तर एक दिवस त्याच्याच पंगतीत पाट मांडून बसावेसे वाटणे हा व्यवहार झाला. मोठ्या वाहिन्यांच्या मालकांनी यावर नाक मुरडू नये. ज्याला महिन्याचा पगार देत नाही, त्याच्याकडून तटस्थता कुठल्या तोंडाने मागायची?

करता येण्याजोग्या गोष्टी मात्र आहेत, आणि त्यांना दिल्लीच्या कायद्याची वाट पाहायला नको. उमेदवारी मागितल्याच्या दिवशी संपादकाला लेखी कळवणे आणि त्या दिवसापासून राजकीय व नागरी बातम्यांपासून दूर होणे, ही अट वाहिन्या आपल्या नियुक्तिपत्रातच घालू शकतात. पत्रकार संघ आपल्या पदाधिकाऱ्यांपुरता तसा ठराव करू शकतात. संघाचे अध्यक्षपद आणि पक्षाचे शहर सरचिटणीसपद एकाच माणसाकडे असणे हे कोणत्याही गावात शोभत नाही. अधिस्वीकृतीपत्र उमेदवारी अर्जासोबत परत करण्याची पद्धत पाडायला माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाला एक परिपत्रक पुरे. हरल्यावर परत यायचे असेल तर खुशाल यावे, पण मध्ये वर्षभर क्रीडा, संस्कृती, शेती असे काहीतरी करावे आणि नंतरही ज्या पक्षाकडून लढलो त्याच्या बातम्या दुसऱ्याकडे द्याव्यात.

एक काम मात्र विधिमंडळाचेच. मुंबई वगळता राज्यातील महापालिकांना लागू असलेल्या १९४९च्या अधिनियमाचे कलम १० नगरसेवकाच्या अपात्रतेचे आहे. महापालिकेच्या कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तो नगरसेवक राहू शकत नाही. नाल्याच्या कंत्राटदाराला, खडी पुरवणाऱ्याला हा दरवाजा बंद. त्याच कलमात काही अपवाद दिले आहेत, आणि त्यांत महापालिकेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रातला हितसंबंध आहे. म्हणजे ज्या सभागृहात अंदाजपत्रक मंजूर होते तिथे हात वर करायचा आणि त्याच अंदाजपत्रकातून निघणारी जाहिरात आपल्या पत्रात छापायची, याला कायद्याची मुभा. हा अपवाद लिहिला गेला तेव्हा मोजकी दैनिके होती, नोटीस लोकांपर्यंत पोहोचवायला दुसरा मार्ग नव्हता. आज कोणत्याही प्रभागात भिंतीला पाठ टेकवून वाहिनी सुरू करता येते, आणि उद्या ‘वृत्तपत्र’ या शब्दात तिलाही बसवा, असा आग्रह धरला जाईल. हा अपवाद काढायला हवा. तो निघेपर्यंत नवी मुंबई महापालिकेने एवढे करावे: कोणत्या वृत्तपत्राला, कोणत्या वाहिनीला, किती रुपयांच्या जाहिराती दिल्या आणि त्यांतल्या कुणाचा मालक सभागृहात बसतो, याची यादी दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर टाकावी. सभागृह आता पुन्हा भरले आहे. पहिल्या काही सभांतच हा ठराव कुणीतरी मांडावा. एरवी माइक हातात घेऊन आयुक्तांना जाब विचारणाऱ्यांपैकी कुणी मांडला तर अधिकच चांगले.