मागणीच्या कागदावर नसलेली तहान

कालव्यात उद्या किती पाणी सोडायचे, याचा अंदाज आता संगणकाकडून काढता येतो. हवामान, पिके आणि मागील वर्षांचे विसर्ग यांचे आकडे दिले की तो उद्याची मागणी आजच सांगतो. या विद्येला आमचा विरोध नाही. विज्ञानाला पाठ दाखवणे हे बाबासाहेबांच्या अनुयायांचे काम नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना देशाच्या पाटबंधारे व वीज नियोजनाचा पाया घालणाऱ्यांत बाबासाहेब होते; दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळातली. आमचा सवाल एवढाच की, यंत्र मोजते ती मागणी कोणाची?

हिशेब सोपा आहे. ऊन, वारा, आर्द्रता यांवरून दिवसाला किती मिलिमीटर पाणी उडते ते काढायचे आणि त्याला पिकाच्या गुणांकाने गुणायचे. समजा, ५ मिलिमीटर आले. भर वाढीतील उसाचा गुणांक सुमारे १.२५. एका हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. तेव्हा उसाच्या हेक्टरला दिवसाला ६२,५०० लिटर. ज्वारी चार महिन्यांत रान मोकळे करते. ऊस वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ पाणी पितो.

इथवर जात कुठेच दिसत नाही. ती येते क्षेत्राच्या रकान्यात. कोणते पीक किती हेक्टरवर, हे ठरते सातबाऱ्यावरून आणि नमुना नंबर ७ च्या पाणी अर्जावरून. पण लाभक्षेत्रातील गायरान कसणाऱ्या आमच्या बांधवाचे नाव सातबाऱ्यावर नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले, तरीही कसणाऱ्याचे नाव कागदावर चढवण्याची लढाई संपलेली नाही. सातबारा नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून मागणी नाही. यंत्राच्या लेखी त्याच्या पिकाला तहानच लागत नाही!

शेपटाकडच्या छोट्या शेतकऱ्याचेही तेच. चारीला पाणी पोचतच नाही म्हणून तो कोरडवाहू पेरतो आणि अर्ज भरणेही सोडून देतो. दप्तरात 'मागणी नाही' अशी नोंद होते. तीच नोंद यंत्राने गिरवली, तर कालचा अन्याय उद्याचे वेळापत्रक होईल. मागणी आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणी ऐपतवाल्याची नोंदली जाते, गरज सर्वांची असते.

कायदाही इथेच अडखळतो. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पाण्याचा कोटा भूधारकाशी जोडला. भूमिहीनाने कुठे जायचे? दुसरी वाट नव्हती असे कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी एकरांवर नव्हे, माणसांवर वाटले गेले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनालाही हक्क आणि उसाला बंदी! हे यंत्राने नव्हे, माणसांनी ठरवले होते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्यक्ष कसणाऱ्या प्रत्येकाची, गायरानासह, पीकनोंद अंदाजात धरा. पाणी धरणाच्या दारात नव्हे, चारीच्या शेपटाला मोजा. प्रत्येक आवर्तनाचा अंदाज आणि प्रत्यक्ष मिळालेले पाणी गावाच्या चावडीवर लावा.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तरी ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तिथे हक्क कागदावर होता, पाणी नव्हते. इथे तर कागदावर नावच नाही. कार्यकर्त्यांनी पुढच्या आवर्तनाआधी आपापल्या गावात कसणाऱ्यांची यादी करावी आणि ती पाटबंधारे कार्यालयाच्या टेबलावर ठेवावी. आधी नाव नोंदवू, मग पाणी मोजून घेऊ.