घर चाकांवर, कचराही आपलाच!

अकराचं चेक-आउट, दहाला बंद होणारा ब्रेकफास्ट आणि रोज नव्याने बॅग भरायची कटकट. ऑफिसच्या डेडलाइन्सना कंटाळून सुट्टीवर जायचं आणि तिथेही डेडलाइन्सच पाळायच्या? नो वे! म्हणून तर कॅम्परव्हॅन ही एकदम भन्नाट आयडिया आहे. बेड, किचन, फ्रिज, टॉयलेट सगळं गाडीतच. थांबाल तिथे घर.

यासाठी न्यूझीलंडचं साउथ आयलंड म्हणजे स्वर्गच. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. इंग्रजीत छापलेलं आपलं लायसन्सही चालतं. क्राइस्टचर्चला गाडी ताब्यात घ्यायची आणि तीनेक तासांत लेक टेकापो गाठायचं. तळ्याच्या काठावर १९३५ सालचं छोटंसं दगडी चर्च आहे. पण खरा शो रात्री असतो. इथलं आकाश २०१२ पासून ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जपलंय. गावातले दिवेसुद्धा प्रकाश वर जाणार नाही असे बसवलेले. तेव्हा गाडीतले लाइट्स बंद करा आणि नुसतं वर बघा!

पुढचं लेक पुकाकी तर फोटोशॉप केल्यासारखं निळं. हिमनद्या खडक दळतात, ती पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगते आणि त्यामुळे हा रंग येतो. समोर ३७२४ मीटर उंच आओराकी, म्हणजेच माउंट कुक. जवळचं ट्वायझल हे गाव १९६८ मध्ये धरणाच्या कामगारांसाठी वसवलं होतं. काम संपलं की मोडून टाकायचं, असं ठरलेलं. पण गावकरी अडून बसले आणि गाव टिकलं. इथला ताजा सॅमन घ्या आणि गाडीतच मस्त तव्यावर परता. मग लिंडिस पास ओलांडून वानाका आणि शेवटी क्वीन्सटाउन. या शेवटच्या टप्प्यात क्राउन रेंजचा घाट १०७६ मीटरपर्यंत चढतो. गाडी मोठी असेल तर क्रॉमवेलमार्गे गेलेलं बरं.

आता जरा सीरियस. ट्वायझलसारख्या इवल्याशा गावांत रोज नवे पाहुणे येतात, फुकटात मुक्काम करतात आणि सकाळी निघून जातात. त्यातले काही तळ्याकाठच्या झुडपांचंच टॉयलेट करून टाकायचे. गावकरी वैतागणारच ना? मग २०११ मध्ये ‘फ्रीडम कॅम्पिंग’चा कायदा आला आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक झाला. गाडीवर ‘सेल्फ-कन्टेन्ड’ सर्टिफिकेट हवं असेल, तर टॉयलेट गाडीतच पक्कं बसवलेलं पाहिजे. सीटखाली सरकवून ठेवलेलं पोर्टेबल चालत नाही.

म्हणजे भांडी घासलेलं पाणी टाकीत साठवायचं, टॉयलेटची कॅसेट स्वतः उचलायची आणि डम्प स्टेशनवर नेऊन रिकामी करायची. यक्? हो, पण करावंच लागतं. ग्रुपमध्ये खरा दोस्त कोण, हे तिथेच कळतं! त्यामुळे निघण्याआधी पाळ्या ठरवून घ्या. गाडी बुक करताना रंग आणि म्युझिक सिस्टिम नंतर बघा, आधी ते सर्टिफिकेट बघा.

हे सगळं फक्त परदेशवारीसाठी नाही बरं का. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. म्हणजे उद्या अशाच गाड्या आपल्या तळ्यांकाठी उभ्या राहतील. आणि पवनेच्या काठावर टेन्ट गुंडाळून रविवारी सकाळी आपण निघतो, तेव्हा मागे काय काय उरतं हे काय वेगळं सांगायला हवं?

कुठेही थांबायची मोकळीक हवीच. पण आपण गेल्यावर तळ्याकाठी फक्त चाकांच्या खुणा राहिल्या पाहिजेत. तेवढं जमत असेल तर बिनधास्त काढा गाडी!