रीडिंग सारखी येतात तेव्हाच संशय घ्यावा

शाळेत विज्ञानाच्या प्रॅक्टिकलला मोबाईल वापरू द्यावा की नाही, यावर परवा आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चांगलीच जुंपली. मी कला शाखेचा पदवीधर, दिवसभर फायलींवर टिपणं लिहिणारा कारकून. मला कुणी विचारलं नाही. तरी इथे सांगतो, वापरू द्यावा. मुलांचा नको, शिक्षकांचा एक पुरे.

दिशा दाखवण्यासाठी बहुतेक स्मार्टफोनांत चुंबकीय सेन्सर असतोच. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ हे फुकट ॲप आणलं. ते उघडलं की चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लात मोजता येतं. आसपास लोखंड नसेल तर गोव्यात आकडा चाळिसाच्या आसपास येतो. हे पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र. आता छोटा लोहचुंबक सेन्सरच्या रेषेत १० सेंटिमीटरवर ठेवा, मग २० वर. त्या रेषेतलं आधीचं रीडिंग दोन्ही वेळा वजा करा. अंतर दुप्पट झालं म्हणून परिणाम निम्मा होत नाही, साधारण आठव्या हिश्श्यावर येतो! होकायंत्राची सुई नुसती हलते, ती हे सांगत नाही.

पण माझं म्हणणं यंत्रापुरतं नाही. माझ्या भाचीचं प्रॅक्टिकलचं जर्नल मी पाहिलं. अक्षर मोत्यासारखं, आकृती सुबक, तांबड्या शाईत ‘व्हेरी गुड’. रीडिंग मात्र वर्गातल्या सगळ्यांची एकच, फळ्यावरून उतरवलेली. लोहचुंबक कपाटाबाहेर आलाच नव्हता म्हणे. आमच्या खात्यात सगळ्या बिलांवर एकच रक्कम आली तर ऑडिटवाले सोडतील का?

सेन्सरचं रीडिंग दर वेळी थोडं वेगळं येतं. बाकाचा लोखंडी पाय, खिशातल्या किल्ल्या, सेन्सर फोनच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यात आहे, सगळ्याचा फरक पडतो. ‘मग मुलं गोंधळतील’, असं एक शिक्षक मित्र म्हणाले. गोंधळू देत की! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं धोक्यात आली, तेव्हा नानाभॉय मूस यांनी १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. बांधकामातही चुंबकीय वस्तू टाळल्या. रीडिंग कशाने बिघडतं याचा शोध हे तिथे मोठमोठ्यांचं काम होतं, आणि आपण मुलांचे त्याच बिघाडासाठी गुण कापतो.

अर्थात शिक्षकांनी फोनवरचा आकडा वाचून दाखवला आणि पोरांनी तो उतरवून घेतला, तर फळ्याऐवजी फोन आला इतकंच. म्हणून गुण आकड्याला देऊ नयेत. शेजारच्या गटाचं रीडिंग आपल्याहून वेगळं का आलं, हे ज्याला दोन ओळींत लिहिता येईल, त्याला द्यावेत. जर्नलमध्ये त्या दोन ओळींसाठी आज रकानाच नाही.