फी माफ झाली, वेळ कोण देणार?

दहावी-बारावीचा निकाल लागला की यंदाही मुलींनीच बाजी मारल्याच्या बातम्या येतात, आणि त्या वाचून पिंपरी-चिंचवडच्या काळेवाडीत तापकीर चौकापासून पाचपीर चौकापर्यंत कुठेही एक सूर ऐकू येतो: मुली आता पुढे गेल्या, त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था, वेगळी मंडळे, वेगळ्या शिष्यवृत्त्या हव्यात कशाला? असे बोलणारा माणूस दुष्ट नसतो. बहुतेक वेळा तो स्वतः मुलीचा बाप असतो आणि तिच्या टक्क्यांचा त्याला मनापासून अभिमान असतो. त्याचा हेतू चांगला आहे, म्हणूनच त्याच्या म्हणण्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

तो पहिला दाखला देतो फीमाफीचा. दाखला खरा आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. निर्णय चांगलाच आहे, त्याचे स्वागत केले पाहिजे. पण फी हा शिक्षणाच्या खर्चातला एक भाग झाला. काळेवाडीतल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीकडे जे मुळातच कमी असते ते म्हणजे वेळ, आणि तो कोणत्याही शासन निर्णयाने माफीत मिळत नाही.

उदाहरण घरातलेच घेऊ. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. ज्या इमारतीत वर मोठी टाकी नाही, मोटर सामाईक आहे आणि एका मजल्यावर चार-पाच बिऱ्हाडे आहेत, तिथे पाण्याचा दिवस म्हणजे कोणीतरी घरी थांबण्याचा दिवस. वडील फर्स्ट शिफ्टला भोसरीला गेलेले असतात. आई पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत धुण्याभांड्यांना जाते आणि तिचा एक खाडा म्हणजे पगारातली कपात. भावाचा क्लास बुडवायचा नसतो. मग पिंप, कळशा, बादल्या भरायला थांबते ती कॉलेजला जाणारी मुलगी. तिला कोणी शिकू नको म्हणालेले नसते. आईवडील तिच्या शिक्षणाच्या बाजूनेच असतात. तरीही तिची हजेरी कमी भरते, प्रॅक्टिकल बुडते आणि एक विषय राहतो. तेवढ्यात शेजारची कोणी सांगते की चाकणला ठेकेदार बारावी पास मुली घेतोय, काळेवाडी फाट्यावर बस येते, पगार हातात मिळतो. मुलगी जाते. ट्रेनी म्हणून लागते, मुदत संपली की ब्रेक मिळतो, आणि परत कॉलेजकडे वळायच्या आत घरात स्थळांची बोलणी सुरू झालेली असतात. या सगळ्यात फीचा प्रश्न एकदाही आला नाही.

आपल्याकडे ज्यांनी मुलींना शिकवायचे मनावर घेतले, त्यांना ही वेळेची आणि आधाराची अडचण सुरुवातीपासून समजली होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, ती सर्वांना माहीत असते. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या बायका-पुरुषांसाठी त्यांनी रात्रशाळा काढली, हे फारसे सांगितले जात नाही. जे कष्टकरी शाळेच्या वेळेत येऊ शकत नव्हते, त्यांच्या सवडीप्रमाणे त्यांनी शाळेचीच वेळ ठरवली. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. तिथे विधवांना धडे मिळालेच, पण त्याआधी छप्पर मिळाले, दोन वेळचे जेवण मिळाले, आणि घरकामातून व टोमण्यांतून मोकळे झालेले दिवसाचे तास मिळाले. त्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले यांनी झोळी घेऊन गावोगाव आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत पायपीट केली. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हा तिथे प्रौढ आणि लग्न झालेल्या बायकांना शिकवण्याची सोय केली गेली. स्त्रियांच्या संस्थांचा आपला वारसा हा आहे, आणि तो काळेवाडीच्या आजच्या गरजेशी तंतोतंत जुळतो.

दुसरा दाखला असतो हुशारीचा. ज्या मुलीत धमक असते ती कोणाच्याही मदतीवाचून वर येते, असे म्हणतात, आणि लगेच सुधा मूर्तींचे नाव घेतात. ते नाव घेणाऱ्यांनी ती हकिकत पूर्ण सांगावी. १९७४ मध्ये टेल्कोची पुण्यातल्या नोकरीसाठी जाहिरात आली आणि त्यात महिलांनी अर्ज करू नये असे छापलेले होते. तेव्हाच्या सुधा कुलकर्णींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, त्यांना मुलाखतीला बोलावले गेले आणि नोकरी मिळाली. पण त्या होत्या कोण? डॉक्टरांच्या कन्या, हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पदवीधर, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पदव्युत्तर विद्यार्थिनी. एवढी गुणवत्ता आणि एवढे घरचे पाठबळ असलेल्या मुलीलाही दार उघडायला थेट टाटा समूहाच्या अध्यक्षांपर्यंत जावे लागले. मग बासष्ट टक्के मिळवलेल्या, इंग्रजीत अर्ज लिहायला बिचकणाऱ्या मुलीने कोणाला पोस्टकार्ड लिहायचे? बासष्ट टक्केवाल्या मुलाला गावचा मामा, मित्राचा भाऊ, मंडळाचा अध्यक्ष अशी ओळख असते. तो त्या जोरावर लागतो आणि त्याला कोणी धमक विचारत नाही.

आज त्याच टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जोडणारी पूर्ण महिलांची लाइन चालते. मला त्याचा आनंद आहे. पण लाइनवर उभी राहणारी आणि लाइन चालवणारी यांत शिक्षणाचे अंतर आहे, आणि ते अंतर कापायला एकट्या मुलीची जिद्द पुरत नाही. हे ज्यांना पटले त्यांतल्या एक लीला पूनावाला. फाळणीत सिंधमधून आलेल्या घरातली ही मुलगी १९६७ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनिअर झाली. दापोडीच्या कारखान्यात नोकरी करत करत ती अल्फा लावल इंडियाच्या प्रमुखपदी पोचली. १९८९ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. एवढे झाल्यावर, मी आले तशा बाकीच्याही येतील, असे म्हणून त्या थांबल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी संस्था काढली. गरजू मुलींना शिष्यवृत्ती देताना बोलण्याचे, मुलाखतीचे, कामाच्या ठिकाणी ठामपणे वागण्याचे प्रशिक्षणही द्यायचे, असा त्या संस्थेचा प्रघात आहे. स्वतःच्या हुशारीवर वर आलेल्या बाईचा अनुभव काय सांगतो, ते या कृतीत दिसते.

आता राहिला तिसरा आक्षेप, की महिलांच्या संस्था म्हणजे नुसते हळदीकुंकू, आणि तो मला सर्वांत जास्त लागतो, कारण त्यातले पुष्कळ खरे आहे. निवडणूक जवळ आली की खेळ पैठणीचा होतो, आठ मार्चला सत्कार होतात, शिवणयंत्रे वाटली जातात आणि त्यांतली किती वर्षभर चालली हे विचारायला कोणी फिरकत नाही. असल्या कार्यक्रमांना महिला सक्षमीकरण म्हणणे मला मान्य नाही. मात्र यातून संस्थाच नकोत असा निष्कर्ष काढणे चूक आहे. आपल्या महापालिकेने २०२३ मध्ये सिद्धी प्रकल्पात मालमत्ताकराची बिले घरोघर पोचवण्याचे काम बचत गटांच्या बायकांना दिले. पत्ता शोधणे, मालकाची नोंद पडताळणे, मोबाइलवर माहिती भरणे, ही सगळी कामे त्यांनी केली. गुंठेवारीच्या वस्तीत, जिथे घरनंबरांचा मेळ लागत नाही, तिथे हे काम सोपे नव्हे. कालपर्यंत ज्यांना पापड-लोणच्याच्या पुढे काही सुचवले जात नव्हते, त्या बायकांना शहराचा हिशेब हाताळता येतो, हे यातून सिद्ध झाले.

नेतृत्वाचेही तेच. नगरसेविका नावाला, कारभार नवऱ्याचा, हे वाक्य म्हणायला सोपे आहे. २०१७ च्या निवडणुकीत आपल्या महापालिकेच्या १२८ जागांपैकी ६४ महिलांसाठी राखीव होत्या. त्या निवडून आल्यावर अर्थसंकल्प कसा वाचायचा, विषयपत्रिकेवर हरकत कशी नोंदवायची, हे शिकवायला पक्षांनी किती कष्ट घेतले? जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये १९८९ मध्ये शेतकरी संघटनेच्या बळावर सगळ्या बायकांची ग्रामपंचायत उभी राहिली, ती आरक्षणाचा आजचा कायदा येण्याआधी. मागे संघटना होती म्हणून ते जमले. जिथे ती नसते तिथे नवरा सही करतो, आणि दोष मात्र बाईच्या पदरात पडतो.

तेव्हा काळेवाडीत महिलांच्या संस्था जास्त झाल्या आहेत हे म्हणणे मला उलटे वाटते. कामाच्या संस्था कमी आहेत. कासारवाडीला महापालिकेची मुलींची आयटीआय आहे, नदी ओलांडली की काही अंतरावर, तरीही तिथल्या ट्रेडची माहिती आमच्या गल्ल्यांतल्या कितीतरी आयांपर्यंत पोचत नाही. ठेकेदाराची माहिती मात्र आठवड्यात पोचते. ठेकेदाराची माणसे गल्लीत फिरतात, आमच्या मंडळांची फिरत नाहीत. ही आमची उणीव आहे आणि ती भरून काढता येते.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि पिंपरीपासून चाकणपर्यंत अशा कंपन्यांची रांग लागलेली आहे. तिथे अर्ज घेऊन जायचे ते बचत गटांतल्या बायकांनी स्वतः. अर्जात शिवणयंत्रे मागू नयेत. महापालिका शाळेचा एक वर्ग संध्याकाळी सहा ते दहा मुलींना अभ्यासाला उघडा हवा, तिथे पगारावर नेमलेली एक शिकवणारी बाई हवी, रात्री मुलींना घरापर्यंत सोडण्याची सोय हवी, आणि ट्रेनी म्हणून घेतलेल्या प्रत्येक मुलीला परीक्षेच्या दिवसांत पगारी रजा मिळेल असे कंपनीने ठेकेदाराच्या करारात लिहून द्यायला हवे.