महाग तेच पौष्टिक?

मायबहिणींनो, मोबाईलवर सध्या अ‍ॅव्होकॅडोचा मोठा गाजावाजा आहे. फळ चांगलंच आहे. 100 ग्रॅम गरात सुमारे 15 ग्रॅम चरबी, तीही बहुतेक हृदयाला मानवणारी, आणि 7 ग्रॅम तंतुमय भाग. मिळालंच तर शिजवत बसू नका, कडवट होतं. गर कुस्करून कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ घाला नि भाकरीशी खा. किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच खावं; त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

पण या फळापायी घरातली डाळ-अंडी कमी करू नका. तसली चरबी शेंगदाण्यातही आहे, शिवाय 100 ग्रॅममागे सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं. अ‍ॅव्होकॅडोत ती जेमतेम 2 ग्रॅम. शाळकरी लेकरांच्या डब्यात मूठभर शेंगदाणे द्या. ताकद किमतीत नसते.