आमचा संच कुठे आहे?

आता सगळं मोबाईलवर मिळतं, मग ही डीव्हीडींची अडगळ कशाला, असं मला आष्टीत गेली दहा वर्षं ऐकवलं जातंय. ऐकवणाऱ्यांत पाहुणे आहेत, शेजारी आहेत आणि ते कपाट हलवलं तर तिथे फ्रिज बसेल हे टेप लावून मोजून ठेवणारे घरचेही आहेत. त्या सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं : ‘चिमणराव’ लावून दाखवा. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या शेवटी लागायची ती, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत, ओळीनं, मधला एकही न गाळता. मग बोटं मोबाईलवर फिरतात, एखादा भाग सापडतो, एखादी मुलाखत सापडते आणि विषय पावसावर जातो.

मालिकांचे संच जमवणारा माणूस हा चेष्टेचा विषय आहे, हे मला मान्य. सिनेमा जमवणाऱ्याला निदान रसिक म्हणतात. मालिकावाल्याकडे दीडदोनशे तास आयुष्य वाया घालवायची तयारी करून बसलेला इसम म्हणून बघतात. पण मालिका ही चीजच अशी आहे की तिला पूर्णतेवाचून अर्थ नाही. अर्धी कादंबरी कोणी विकत घेतं का? भाग तेरावा नसेल तर चौदाव्यात सून का रडतेय ते कळत नाही. म्हणून संच हवा, आणि तो हातात हवा. या दोन साध्या अपेक्षांचं बाजारानं काय केलं आणि सरकारी दूरदर्शननं काय केलं, एवढंच मला इथे भांडून घ्यायचंय.

आधी बाजाराचं बोलू. त्याचं एक ऋण मान्य करून पुढे जायला हवं. २००७च्या सुमारास मोझर बेअर या कोऱ्या सीडी बनवणाऱ्या कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. तोवर अधिकृत डीव्हीडी ही पुण्या-मुंबईच्या काचेच्या दुकानात मिळणारी शेकड्यांतली वस्तू होती. ती एकदम एसटी स्टँडवरच्या टपरीत, गुटख्याच्या माळांशेजारी लटकू लागली. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात तोवर दोनच सोयी होत्या : दहा रुपये रोजानं सीडी भाड्यानं देणारी लायब्ररी आणि एकाच डिस्कमध्ये पाच-सहा सिनेमे कोंबलेला चोरीचा माल. चोरीच्या मालाच्या भावात खरा माल मिळतो म्हटल्यावर लोकांनी खरा घेतला. स्वस्ताई ही काही रसिकतेची शत्रू नव्हे. दुष्काळी तालुक्यात ती रसिकतेची पूर्वअट आहे.

घात झाला तो नंतर, खोक्यात. सिनेमा एका डिस्कमध्ये मावतो, मालिका मावत नाही. ‘रामायण’ ७८ भागांचं, ‘महाभारत’ ९४ भागांचं. व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणजे डिस्कमागे दोन भाग धरले तरी रामायणाला ३९ डिस्क लागतात. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट जागा, त्यात चांगल्या दर्जाचं चित्र साधारण दोन तास बसतं. आता भाव पाडायचा तर डिस्क कमी करायच्या आणि डिस्क कमी करायच्या तर चित्र पिळायचं. दोन तासांच्या जागी पाच-सहा तास भरले की माणूस स्थिर बसलाय तोवर ठीक दिसतो, जरा पळाला की त्याचे चौकोन होतात. खोक्यावर मात्र ‘संपूर्ण’, ‘डिजिटल’, ‘विशेष आवृत्ती’. पिळलं किती, ते कुठेच लिहिलेलं नसतं. पुढे प्लास्टिकची जाड डबी जाऊन बारीक डबी आली, मग डिस्क एकमेकींच्या डोक्यावर एकाच खुंटीत रचल्या जाऊ लागल्या, म्हणजे चौथी काढायला आधीच्या तिन्ही काढून कुठेतरी ठेवा नि ओरखडून घ्या. शेवटी कागदाची पाकिटं आली. लग्नपत्रिकेचं पाकीटसुद्धा त्याहून जाड असतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत ‘सिम्प्सन्स’च्या सहाव्या सीझनचा संच २००५ साली होमरच्या डोक्याच्या आकारात काढला होता. ते डोकं कुठल्याच शेल्फात आधीच्या पाच संचांशेजारी नीट बसेना. लोक इतके चिडले की कंपनीला साधी डबी वेगळी पुरवावी लागली. हसू येतं, पण चिडणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. जो माणूस दरवर्षी एक सीझन घेतो त्यानं तुमच्याशी एक करार केलेला असतो. मी क्रमानं घेईन, तुम्ही क्रमानं द्या. त्यात मध्येच खोक्याचं माप बदलणं म्हणजे ज्ञानकोशाचा सातवा खंड वहीच्या आकारात छापण्यासारखं आहे.

करार मोडण्याचा याहून हलकट प्रकार म्हणजे सेल. माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. एका इंग्रजी मालिकेचे पहिले पाच सीझन मी चार वर्षांत, पुण्याच्या फेऱ्या साधून, पूर्ण किमतीला घेतले. सहावा बारीक डबीत आला. सातवा इथे आलाच नाही. मी विचारत राहिलो, दुकानदार मान हलवत राहिला. मग एका दिवाळीत सातही सीझनचा ‘कम्प्लीट’ संच निघाला, आणि पुढच्या जानेवारीच्या सेलमध्ये तो मी दोन सीझनना मोजलेल्या पैशांत मिळू लागला. सातवा सुटा मात्र नाहीच. म्हणजे सातवा हवा असेल तर आधीचे सहा पुन्हा घ्या. निष्ठावान गिऱ्हाइकाला दंड आणि उशिरा आलेल्याला बक्षीस, हा सेलचा खरा नियम आहे. तो संच मी मागवलाही असता. पण ऑनलाइन दुकान म्हणालं, तुमच्या पिनकोडला सेवा उपलब्ध नाही. (आमचा जिल्हा बीड, पण पिनकोड ४१४नं सुरू होतो, म्हणजे नगरकडचा. आम्ही नक्की कुठले हे टपाल खात्यालाही एका वाक्यात सांगता येत नाही. नगरला जाणारी रेल्वेसुद्धा न्यू आष्टी स्टेशनातून सुटायला २०२२चा सप्टेंबर उजाडावा लागला.)

सेलचं आणखी एक रूप असतं, ते म्हणजे दुकान बंद करण्याचा सेल. मुंबईत काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस २०१६च्या फेब्रुवारीत बंद झालं. मोझर बेअरची अवसायनात निघण्याची आज्ञा २०१८मध्ये झाली. अशा वेळी जमवणारे पिशव्या भरून घरी येतात आणि फायदा झाला म्हणून खुश होतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. शेवटच्या बाजारात स्वस्त मिळालेली बैलजोडी घरी आणताना शेतकऱ्याला जसं वाटत असेल, तसं काहीसं वाटायला हवं.

आता मोबाईलवाल्यांकडे वळू. महिन्याचे पैसे भरा आणि हवं ते पाहा, हे ऐकायला छान आहे. पण हवं ते म्हणजे ‘आज असेल ते’. एचबीओच्या सगळ्या मालिका हॉटस्टारवर होत्या, ३१ मार्च २०२३ला त्या तिथून गेल्या. काही दिवसांनी जिओसिनेमावर उगवल्या, पुढे २०२५मध्ये दोन्ही ठिकाणं मिळून एकच झाली. या सगळ्यात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाचव्या सीझनपर्यंत आलेल्या माणसाला कोणी विचारलं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं तर १ जानेवारी २०२५पासून कायदाच लागू केला : डिजिटल वस्तू विकताना ती तुमची होत नाही, फक्त परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा नाही. तिथल्या विधिमंडळाला जे कळलं ते आपल्या घरी सांगायला गेलं की आपण जुन्या वळणाचे ठरतो.

आणि हा शहरी, मध्यमवर्गीय नखरा आहे असं कोणी म्हणालं, तर त्यानं दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे यावं. आष्टी तालुक्यातून दर हंगामात ऊसतोडीला माणसं जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, सहा-सहा महिने. स्मार्टफोन नवे होते त्या वर्षांत, कोयता-भांडी-पीठ गाडीत चढलं की पोरं मोबाईलच्या दुकानात रांग लावायची. कशाला? मेमरी कार्ड भरून घ्यायला. वीस-तीस रुपयांत गाणी, सिनेमे, कीर्तनं, तमाशे. फडात रेंज नाही आणि रिचार्जला पैसे नाहीत, म्हणून करमणूक जवळ बाळगायची, मालकीची करून. दुकानदाराचा तो धंदा बेकायदा होता हे मला ठाऊक आहे. पण गरज तीच होती जी माझ्या कपाटाची आहे, आणि कायदेशीर मार्गानं ती भागवायला एकही कंपनी त्या रांगेपर्यंत आली नाही.

खरा राग मात्र माझा कंपन्यांवर नाही. त्या नफ्यासाठी बसल्या आहेत, नफा संपला की उठतील. राग आहे तो मुंबई दूरदर्शनवर, कारण ते आमचं होतं. २ ऑक्टोबर १९७२ला ते केंद्र सुरू झालं. टीव्ही घरात ठेवायला तेव्हा परवाना लागायचा आणि त्याची फी लोक पोस्टात रांगेत उभं राहून भरायचे. म्हणजे ‘चिमणराव’चे पैसे लोकांनी मोजलेले आहेत. त्या काळी टेपा महाग होत्या, एकीवर दुसरं चित्रित करणं ही सर्रास पद्धत होती, हे मी समजू शकतो. पण नंतर? गजानन जागीरदारांनी १९८७च्या सुमारास केलेली ‘स्वामी’, रवींद्र मंकणींचा माधवराव, मृणाल देवची रमाबाई. राजदत्तांची ‘गोट्या’. मराठीत रोज लागणारी मालिका म्हणजे काय हे शिकवणारी ‘दामिनी’. यांतल्या एकीचाही असा संच मी आयुष्यात दुकानात पाहिला नाही, ज्यात सगळे भाग आहेत, क्रम आहे, कलाकारांची नावं आहेत आणि जे भाग हरवले त्यांची कबुली आहे. इंग्रजी मालिकांचे संच माझ्याकडे तीस आहेत, हिंदीचे सात, ‘भारत एक खोज’सकट. मराठीचा खण रिकामा आहे. तिथे मी बल्ब आणि फ्यूज वायर ठेवतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं : बीबीसीनंही पुसल्याच की. पुसल्या. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आजही सापडत नाहीत. पण बीबीसीनं काय गेलं त्याची भागवार यादी जाहीर केली, आणि यादी होती म्हणून लोक शोधत राहिले. २०१३मध्ये नायजेरियातल्या जॉस गावच्या टीव्ही केंद्राच्या कोठीत धूळ खात पडलेले डबे निघाले, त्यातून नऊ हरवलेले भाग परत आले. लंडनमध्ये पुसलेलं जॉसमध्ये शिल्लक होतं. उद्या ‘चिमणराव’चा एखादा भाग बार्शीच्या व्हिडिओ पार्लरवाल्याच्या माळ्यावर, व्हीएचएसच्या बुरशी धरलेल्या कॅसेटमध्ये नसेलच, असं कोण छातीठोकपणे सांगेल? पण त्या माणसाला हे कळणार कसं, की त्याच्याकडे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही?

२०२०च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा लागलं आणि देशभर जुन्या मालिकांची आठवण झाली. २०२४च्या नोव्हेंबरात प्रसार भारतीनं ‘वेव्ह्ज’ नावाचं स्वतःचं ॲप काढलं. चांगलं केलं. पण ॲप म्हणजे पुन्हा तेच, आज असेल ते. ते काढलं म्हणून संचाची जबाबदारी सुटत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत आपण इतके गाफील नव्हतो. १९५४चा केंद्राचा कायदा आहे. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना, त्यातलं एक मुंबईतलं, स्वखर्चानं पाठवायची. पुढे त्यात वर्तमानपत्रंही आली. गल्लीतल्या कवीनं पदरमोड करून काढलेल्या चोवीस पानी संग्रहाला हा मान आहे. लाखो लोकांनी आठवडेच्या आठवडे वाट बघून पाहिलेल्या मालिकेसाठी तसा कायदा नाही. शिवाय महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना वर्गवारीनं अनुदान मिळतं. त्या वाचनालयांत ‘स्वामी’ कादंबरीच्या शिवून शिवून जाड झालेल्या प्रती आहेत. शेजारी ‘स्वामी’ मालिकेचा संच ठेवायला चार इंच जागा लागेल.

खोका सुंदर नको, होमरचं डोकं तर नकोच. जाड पुठ्ठा, डिस्कमागे चारच भाग, एक पुस्तिका. डिस्क नको वाटत असेल तर पेनड्राइव्ह द्या, पण हातात द्या. आणि त्याला दोन वर्षं लागणार असतील, तर त्याआधी मुंबई केंद्रानं १९७२पासूनच्या मराठी मालिकांची भागवार यादी छापावी : कोणता भाग आहे, कोणता अर्धा आहे, कोणता पुसला. तेवढ्याला टेंडर लागत नाही, एक कारकून आणि एक रजिस्टर पुरतं. यादी निघाली की बार्शीच्या माळ्यावर चढायला मी स्वतः जाईन, एसटीनं.